गणपतचा चाकू

आमच्या कोन गावात कुणी नसत्या वस्तूवर पैसे उधळले, की जुनी माणसं अजूनही म्हणतात, ‘घेतलास ना गणपतचा चाकू!’ महागाचा मोबाइल हातातून पडून फुटला, नवी गाडी पुलावर बंद पडली, की हेच ऐकू येतं. ऐकणाऱ्या पोरांना गणपत कोण हे ठाऊक नसतं. गणपत म्हणजे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी बायकोच्या पैशातून फॉरेनचा चाकू घेतला, खाडीच्या तळाशी तो ऐन वेळी मिटला आणि त्यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला, अशी ती गोष्ट आहे. मी ती लग्नांत, बारशांत, गणपतीच्या जागरणांत ऐकली. एकदा-दोनदा लोकांबरोबर हसलोही. ती गोष्ट खोटी आहे आणि हे पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे. दाजी गेले, त्याला आता वर्ष होत आलं. या पुस्तकातली बाकीची प्रकरणं मी सावकाश, मजेत लिहिली. हे एक लिहायचं टाळत होतो.

आमचं घर कल्याण-भिवंडी रस्त्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवरचं शेवटचं. पुढे चिखल, मग तिवरं, मग पाणी. भरतीला पाण्याचा डुबुक-डुबुक आवाज थेट मागच्या पडवीपर्यंत येई आणि ओहोटीला चिखलाचा तो कुबट, खारट वास घरभर पसरे. आम्हाला तो वास वाटायचाच नाही. पाहुणे आले की ते नाकाला पदर लावायचे, तेव्हा आठवण व्हायची. घरात आम्ही पाच माणसं. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, आय, मी काशा, माझी थोरली बहीण, जिला मी बाय म्हणतो, आणि दाजी. बायचं सासर अंबाडीकडचं, पण तिथे भावाभावांत जमीन पुरेना, तेव्हा दादांनीच जावयाला बोलावून आपल्या होडीवर घेतलं. सासऱ्याच्या घरी राहणारा जावई म्हणजे गावाला आयतं खाद्य. ‘अंबाडीचा नांगऱ्या आमच्या खाडीत रेती काडतंय, बघा!’ असं दाजींच्या तोंडावर बोलत. ते हसून म्हणत, ‘नांगर काय आन् बादली काय, खालचंच वर काडायचं ना?’

होडी रेतीची होती. खाडीच्या मधोमध ती नांगरायची, लांब वासा तळात रोवायचा आणि एका माणसाने लोखंडी बादली घेऊन त्या वाशाच्या आधाराने खाली उतरायचं. तळाशी श्वास कोंडून बादलीत रेती भरायची, दोराला दोन हिसके द्यायचे, की वरच्या माणसाने बादली ओढून घ्यायची. भरती लागली की पाणी वाढतं, म्हणून ओहोटी असेतो जेवढी निघेल तेवढी काढायची. या उतरण्याला डुबी म्हणत. दाजी नदीकाठचे, खाडीचं पाणी त्यांना नवं. पण दोन वर्षांत काठावर त्यांच्यासारखा डुबीवाला उरला नाही. खाली अंधारच असतो. त्या गढूळ पाण्यात उघड्या डोळ्यांना हाताची बोटंही दिसत नाहीत. भीती मगरीमाशांची नव्हती, जाळ्यांची होती. कुणाची तरी फाटलेली नायलॉनची जाळी वाहत येऊन तळाशी रेतीत अर्धी गाडलेली असत. दिसत नाहीत, पायाला वेढा पडला की कळतात. म्हणून प्रत्येक डुबीवाल्याच्या कमरेला चाकू असे.

तो चाकू भिवंडीच्या बाजारात टपरीवर मिळणारा, लाकडी मुठीचा, मधोमध पितळी खिळा असलेला. नखाच्या खाचेत नख घालून पातं ओढून काढायचं, काम झालं की मिटायचं. त्याने कांदा कापला जाई, सुंभ कापलं जाई, दातकोरणंही होई. खारं पाणी लागून दोन-तीन महिन्यांत खिळा गंजला की तो फेकायचा आणि दुसरा घ्यायचा. माझ्याही खिशात एक होता. मी तेव्हा कॉलेज सोडून होडीवर दोर ओढायला लागलो होतो आणि मला सगळं कळतं, अशा वयात होतो.

एक दिवस दाजी मला घेऊन भिवंडीला गेले. बंदराकडच्या गल्लीत हनीफभाई नावाच्या माणसाचं छोटं दुकान होतं. त्याचा भाऊ आखातात होता आणि तिथून अत्तरं, ब्लँकेटं, बॅटऱ्या, घड्याळं येत. शेजारच्या शेडमधल्या लूमचा खडखडाट इतका, की दुकानात बोलायचं तर ओरडावं लागे. हनीफभाईने मऊ कापडात गुंडाळलेला एक घडीचा चाकू काढला. काळी मूठ, राखाडी पातं, चकाकी फारशी नाही. पात्याला एक बारीक गुंडी होती. अंगठ्याने ती सरकवली की एका हाताने पातं उघडे आणि ‘टक्’ असा आवाज होई. लूमच्या गोंगाटातही तो मला ऐकू आला.

‘अब बंद करके दिखाओ,’ हनीफभाई म्हणाला.

दाजींनी पात्याची पाठ काउंटरच्या कडेवर ठेवून सगळा भार दिला. चाकू मिटला नाही. मुठीतली पट्टी दाबली, तेव्हाच मिटला.

‘अब इसका दबाओ,’ त्याने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. मी माझा चाकू उघडून काउंटरवर टेकवला आणि जरासा जोर दिला, तर तो पटकन मिटला. बोट वाचलं ते हनीफभाईने माझं मनगट धरलं म्हणून.

‘पहले भाव बोलो, फिर बात करो,’ मी तावात म्हणालो. भाव ऐकून मी हसलोच. त्या पैशात माझ्या चाकूसारखे चाकू टोपलीभर आले असते. हनीफभाई चिडला नाही. ‘हमको क्या, भाई. पानी के नीचे आप थोडे ही जाते हो,’ एवढंच बोलला. हा टोमणा मला होता, आणि तो बरोबर बसला.

पैसे बायचे होते. ती डोक्यावर टोपली घेऊन सुकट विकायला कल्याणपर्यंत जाई आणि त्यातून कानातल्या सोन्याच्या फुलांसाठी मागे टाकत असे. लग्नात तिला फुलं घालता आली नव्हती, ते आयच्या मनाला लागलेलं होतं. दाजींनी मागितले आणि तिने दिले. पण ज्या दिवशी चाकू घरी आला, त्या दिवशी तिने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, ‘यात सोनं कुठं हाय?’

रात्री जेवताना तोच विषय. तांदळाची भाकरी, निवट्या माशांचं झणझणीत कालवण आणि मध्ये पाटावर ठेवलेला तो चाकू. दादांनी बोटं चाटत विचारलं, ‘जावयबापू, ह्यो भाकरी पण भाजतंय का?’ आय म्हणाली, ‘जल्ला मेला, येवढ्या पैशात म्हैशीचं पारडू आलं असतं.’ दाजी नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, ‘खाली एक हात जाळ्यात आडकला तर दुसऱ्या हातानं उघडाया पायजे, मामा. तेवढंच.’ आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. दादांनी त्यावर पटल्यासारखी मान हलवली. मला ती मान हलवणं आवडलं नाही. त्या काळात दादा माझ्या कुठल्याच बोलण्यावर मान हलवत नव्हते.

मग मी पैज लावली. ओटीवर सगळ्यांसमोर दोन्ही चाकू ठेवले, काथ्याचा दोर आणला, नायलॉनच्या जाळीचा तुकडा आणला. माझ्या बाजारी चाकूने दोर आधी कापला गेला. शेजारपाजारचे टाळ्या पिटत होते. बाय मान फिरवून आत गेली. महिन्याने परत पैज, परत मीच जिंकलो. यात लबाडी होती. प्रत्येक पैजेच्या आदल्या दिवशी मी माझा चाकू पायरीच्या दगडावर तासभर घासत असे, खिळ्याला खोबरेल सोडत असे आणि गंज राखेने काढत असे. दाजींच्या चाकूला मात्र कुणी हात लावत नव्हतं. तो रोज खाऱ्या पाण्यात जाई आणि जसाच्या तसा वर येई. हे मला दिसत होतं. दिसूनही मी गावभर सांगत सुटलो, की धार सारखीच, पोलाद सारखंच, जास्तीचे पैसे फक्त फॉरेनच्या नावाचे.

मागे एका मॉलमध्ये नातवाबरोबर गेलो, तेव्हा काचेच्या कपाटात असे घडीचे चाकू मांडलेले पाहिले. विकणारा मुलगा पोलादांची नावं मंत्रासारखी म्हणत होता. किमती ऐकून नातू म्हणाला, ‘आजोबा, चाकूसाठी एवढे?’ मी त्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं. धारेला पैसे पडत नाहीत. धार कुठल्याही दगडावर निघते, आणि चकचकीत मुठीला जे पैसे पडतात ते हौसेचे. पण उघडलेलं पातं आपण मिटेपर्यंत मिटणार नाही, खिळा गंजणार नाही, एका हाताने उघडेल, या खात्रीला किंमत असते. आंबा कापणाऱ्याला ती खात्री कशाला हवी? त्याला टपरीवरचाच चाकू बरा, हे मी आजही म्हणेन. मी दाजींना आंबा कापणाऱ्याच्या हिशेबाने मोजलं होतं. त्या दुकानात मात्र मी नातवाला नुसतं ‘चल’ म्हणालो.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड देवापुढे येतं. कोयते, विळी, पहार, बादल्या, सगळं चिंच लावून घासायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजा झाली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी लोखंड विसावा घेतं, असं आय म्हणे. त्या वर्षी दाजींनी स्वतः आपला चाकू पाटावर ठेवला आणि आयने त्याला सगळ्यांत मोठं फूल वाहिलं. चाकू बांधायची कॅनव्हासची पिशवी, बटणाची, तेवढी खुंटीवर रिकामी लटकत राहिली.

पूजा झाली आणि वडप्याच्या एका कंत्राटदाराचा माणूस ट्रक घेऊन दारात आला. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याला गोदामाचं काम धरायचं होतं आणि रेती कमी पडली होती. दादांनी आधी नाही म्हटलं. मग तो माणूस दुसऱ्या होडीवाल्याचं नाव काढू लागला, तेव्हा दादा उठले. आय दारात आडवी झाली. ‘लोखंड देवाम्होरं हाय. आज न्हाय उतरायचं.’ दादा म्हणाले, ‘जुनी बादली हाय, जुना दोर हाय. पूजेतलं काय घेत न्हाय. एक खेप मारतो नि येतो.’

होडी मधोमध नांगरली. ओहोटी संपत आली होती. वाशाला लागलेलं पाणी थांबल्यासारखं दिसत होतं, म्हणजे आता थोड्याच वेळात भरती. दाजींनी कपडे काढले, कमरेला हात लावला आणि थांबले.

‘चाकू न्हाय.’

‘अरे, एका खेपेला काय चाकू?’ दादा म्हणाले.

‘चाकूबिगर मी न्हाय उतरायचा, मामा. काशाला पाठवा.’

दादा मला म्हणाले, ‘जा रं. आयला न दिसता उचलून आण. मी बघतो देवाचं काय ते.’

मी छोट्या होडक्यातून काठाला आलो, घराकडे धावलो. आय चुलीपाशी भोपळ्याचे घारगे तळत होती, पाठ माझ्याकडे. बाय गिरणीवर गेलेली. देवापाशी समई जळत होती आणि त्या मोठ्या झेंडूखाली चाकूची काळी मूठ दिसत होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. देवाची भीती वाटली, हे खरं आहे. पण ती सगळी गोष्ट नाही, आणि तेवढीच सांगायची असती तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं. हात मागे घेतल्यावर माझ्या मनात आलं, की आपला चाकू देऊ. पिशवीत घालून, बटण लावून देऊ. दाजी त्याच्यासकट खाली जातील, वर येतील, खेप संपेल आणि मग सगळ्यांसमोर, दादांसमोर, बटण उघडून दाखवू. ‘बघा, काय फरक पडला?’ ही पैज मला शेवटची वाटली. फळीवरून माझा चाकू घेतला; टपरीवरचा म्हणून तो कुणी पाटावर मांडलाच नव्हता. गेल्या पैजेनंतर त्याला तेल नव्हतं. पातं ओढून पाहिलं, तर खिळा कुरकुरला. तरीही मी तो पिशवीत घातला.

दाजींनी पिशवी घेतली, बाहेरून चाचपली, कमरेला बांधली. भरती लागत होती, दादा घाई करत होते. दाजी मला म्हणाले, ‘आयनं पायलं न्हाय ना?’ मी मान हलवली. ते उतरले.

पहिल्या काही बादल्या भराभर आल्या. दोर माझ्या हातात, दादा रेती पसरवत होते. मग दोराला एक हिसका आला, एकच. मी दुसऱ्याची वाट पाहिली. दोर सैल पडला. पुन्हा ताणला गेला, तो वाकडा, होडीच्या खाली. मी ओढून पाहिलं, बादली उठेना.

‘आडकलं,’ मी म्हणालो.

दादांनी वाकून पाण्यात पाहिलं. बुडबुडे येत होते, थोडे. ‘जाळं आसल,’ ते म्हणाले. ‘घाबरू नको. चाकू हाय त्याच्याकडं. कापल नि येल.’

आणि ते थांबले. होडीच्या काठावर दोन्ही हात टेकून, नजर पाण्यावर ठेवून दादा थांबले, कारण खाली फॉरेनचा चाकू आहे असा त्यांचा भरवसा होता. ज्या चाकूची ते जेवताना थट्टा करत, त्याच्या जोरावर ते थांबले होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘दादा, तो चाकू न्हाय त्यांच्याकडं.’ शब्द तोंडाशी आले होते. ते बोललो असतो, तर दादांनी त्याच क्षणी उडी घेतली असती. मी दोर धरून उभा राहिलो. मनात म्हणत होतो, आता कापतील, आता येतील, मग सांगू. बुडबुडे थांबले. दादा म्हणाले, ‘येवडा वेळ कशाला लागतंय?’ तरी मी बोललो नाही. मग गढूळ पाण्यात वाशाजवळ काळपट लाल ढग वर आला आणि दादा कपड्यांसकट पाण्यात गेले.

चाकू बदलला ही चूक मी मूर्खपणात टाकतो. विशीच्या आतली पोरं त्याहून वाईट मूर्खपणा करतात. पण दादा थांबलेले असताना मी जो गप्प राहिलो, त्याला मी आजवर नाव देऊ शकलेलो नाही.

दादांनी त्यांना वर आणलं, तेव्हा डाव्या मनगटाला जाळं आवळलेलं होतं आणि उजव्या हाताची बोटं तळव्याशी लोंबत होती. खाली काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. डावा हात अडकला. उजव्या हाताने पिशवी उघडली. अंगठा गुंडी शोधत राहिला, जी तिथे नव्हतीच. मग दातांनी पातं ओढलं असणार, कारण ओठही फाटला होता. कापता कापता जोर दिला आणि पातं उलटून बोटांवर मिटलं. माझा चाकू तळाशी राहिला. रेतीच्या ट्रकमध्ये घालून त्यांना भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. दादा बरोबर गेले. बाय गिरणीवरून धावत आली, ती पीठ भरल्या हातांनीच ट्रकवर चढली. आय काठावर रडत होती. ‘मी कपडे आणतो,’ असं म्हणून मी घरात गेलो. झेंडू बाजूला केला, दाजींचा चाकू उचलला, हळद पुसली आणि मागच्या पडवीतून तिवरांपलीकडे, जिथे खोल आहे तिथे, जितका लांब जाईल तितका फेकला.

पाटावरची रिकामी जागा आयला संध्याकाळी दिसली. ‘देवाम्होरचं लोखंड उचललंस?’ तिने मला विचारलं.

‘दाजी बोल्ले आण,’ मी म्हणालो.

हे वाक्य खरं होतं. त्याच्या आड मी चाळीस वर्षं राहिलो. पूजेतला चाकू उचलायला लावला म्हणून देव कोपला, असं आयने ठरवलं आणि मरेपर्यंत ती जावयाला तेच ऐकवत राहिली.

दवाखान्यात दाजींना बोलता येऊ लागलं, त्या दिवशी आम्ही सगळे खाटेभोवती होतो. हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. बोटांच्या शिरा तुटल्या आहेत, दोन बोटं पुन्हा वळणार नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले होते. दादांनी विचारलं, ‘जावयबापू, एक सांगा. त्याला तर खटका होता. तो मिटला कसा?’

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या अंगठ्याला ठाऊक होतं, ती मूठ कुणाची होती. त्यांनी एक शब्द उच्चारला असता, तर दादांनी मला तिथेच चिरडलं असतं आणि बायने जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. खोलीत पंखा गरगरत होता. दाजींचा ओठ शिवलेला होता, त्यामुळे ते सावकाश बोलले.

‘मिटला. काय करणार?’

‘फॉरेनचाच ना?’

‘हां, मामा. माझाच.’

बाय पायथ्याशी बसली होती. म्हणाली, ‘माजी फुलं गेली नि तुमचा हात पण गेला.’ दाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर डुबी संपली. डाव्या हाताने दोरही ओढवेना, तेव्हा ते वडप्याला एका गोदामावर रखवालदार झाले. बायही तिकडेच गेली, मुलं तिकडेच झाली. गावाला म्हण मिळाली. बायने घासाघासाला ऐकवलं. मुलांना वह्या घ्यायला पैसे नसले, की ‘तुमच्या बापानं चाकू घेतला ना’. पोरगी लग्नाची झाली, की ‘कानात घालाया काय हाय? बापाचा चाकू घाल.’ मुलं तेच ऐकत मोठी झाली आणि बापाला हसायला शिकली. मी एकदा गोदामाच्या केबिनमध्ये जाऊन, ‘दाजी, त्या दिवशीचं,’ असं सुरू केलं होतं. त्यांनी डाव्या हाताने चहाचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ‘भाऊबीजेला ये. तुजी बाय सकाळपासनं वाट बघते.’ मी दर भाऊबीजेला गेलो. ओवाळून घेतलं.

गेल्या महिन्यात मी बायकडे गेलो. ती दारात बसून सोडे निवडत होती. दिसतं कमी, पण बोटं चालतात. मी समोर खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसं, दादा थांबले होते तेही. तिचे हात थांबले नाहीत. संपलं, तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं.

‘म्हंजे चाकू चांगला होता.’

‘हां, बाय.’

‘कुठं हाय तो?’

‘खाडीत टाकला मी.’

रस्त्यावरून कंटेनर जात होते, घराच्या काचा थरथरत होत्या. मग म्हणाली, ‘माजं माहेर तुटू नये म्हणून गप बसला. आन् मी त्याला शेवटच्या दुखण्यात पण बोल्ले. पाणी पाजताना बोल्ले.’ तिने पदर तोंडाला लावला नाही, रडलीही नाही. मी उठायला लागलो.

‘बस,’ ती म्हणाली. ‘मना एकटीला सांगून काय? मी तर म्हातारी झाले. पोरं कामावरनं येतील, सुना येतील. बापाला हसली ती पोरं. त्यांना सांग.’

‘मी लिहितोय ते, बाय. पुस्तकात येईल.’

‘पोरं तुजं पुस्तक न्हाय वाचायची. बस.’

ती आत गेली. चहा विचारला नाही. मी दुपारभर त्या खुर्चीत बसून राहिलो. ऊन पायांवर आलं, गेलं. समोरच्या गोदामाचं शटर खाली पडलं. मग फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि थोरल्या भाच्याचा आवाज आला, ‘अरे, मामा! कवा आलास?’

बाय आतून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, ‘हेल्मेट काड, खाली बस. मामाला काय सांगायचं हाय.’ मग माझ्याकडे वळली.

‘उभा ऱ्हा,’ ती म्हणाली. ‘बसून न्हाय सांगायचं.’

मी उभा राहिलो.